समोरच्या दारातला विरोध

माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाने मला फसवलं. अख्ख्या मुलुंड पूर्वेत त्याच्याइतका सरळ माणूस शोधून सापडणार नाही, हे मी आधीच मान्य करतो, आणि म्हणूनच माझा राग जात नाही. लबाडाने फसवलं तर दोन शिव्या घालून मोकळं होता येतं. मी गोवंडीच्या एका खोलीतून निघालो, हातगाडीवर प्लास्टिकच्या बादल्या विकल्या, आज नळ-पाइपांचं स्वतःचं दुकान आहे. या वाटेवर पुष्कळांनी मला गंडवायचा प्रयत्न केला आणि बहुतेकांना तो महागात पडला. ज्याला बाजारात मेथीची जुडी धड निवडता येत नाही अशा माणसाकडून मी फसावं, हे मला अजून पचलेलं नाही.

नोकरी त्याची बँकेत होती, पण विरोध त्याला सकाळच्या चहासारखा लागायचा. कॉलेजात असताना फीवाढीच्या मोर्चात पोलिसांनी त्याला एक रात्र कोठडीत बसवलं होतं. ती रात्र तो इतक्या प्रेमाने सांगायचा, की लोक महाबळेश्वरची सहलही इतक्या प्रेमाने सांगत नाहीत. पुढे एकदा महापालिकेच्या निवडणुकीला अपक्ष उभा राहिला. निशाणी मिळाली कंगवा, आणि डोक्यावर तेव्हाही केस नव्हते. आम्ही दारोदार फिरलो. लोक आधी पत्रकातला कंगवा बघायचे, मग त्याचं डोकं बघायचे, आणि दार लावून हसायचे. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मत दुसऱ्याच उमेदवाराला दिलं आणि तसं तोंडावर सांगितलं. "त्याने पाण्याची लाइन आणली. तुम्ही काय आणलंत?" यावर हा दिवसभर खुशीत. मला म्हणाला, "बघितलंस शेठ, माझ्या घरात लोकशाही आहे. तुझ्याकडे आहे का?" शेठ तो मला चिडवायला म्हणतो.

त्याला बाजारात सोबत नेणं म्हणजे स्वतःच्या खिशाला स्वतःच भोक पाडणं. एका रविवारी मी कोळणीशी घासाघीस करून पापलेटांचा भाव झकास खाली आणला होता. दोनदा उठून गेलो, दोनदा तिने हाक मारली, सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात हा मध्येच वाकून तिला विचारतो, "मावशी, या भावात तुम्हाला परवडतं का?" ती कशाला हो म्हणते? तिने बर्फाच्या दरापासून टेम्पोच्या भाड्यापर्यंत सगळं ऐकवलं, याने मान डोलावली, आणि मी मूळ भावाने मासे घेऊन घरी आलो. निघताना ती मला म्हणाली, "शेट, या दादांना रोज घेऊन येत जा."

पण त्याची खरी तालीम बघायची तर आमच्या सोसायटीच्या सभेत. कुठलाही ठराव असो, टाकी धुण्याचा असो की गच्चीला कुलूप लावण्याचा, त्याचा हात विरोधात वर. 'एकमताने' हा शब्द त्याला सहन व्हायचा नाही. "एकमत झालं की समजावं, कुणीतरी झोपलंय," म्हणायचा. बँकेतून तो निवृत्त झाला तेव्हा सोसायटीने त्याच्या सत्काराचा ठराव मांडला. तो मंजूर झाला, विरोधात एक मत, त्याचंच. मग शांतपणे पुढे येऊन त्याने नारळ घेतला. सेक्रेटरी बिचारे सभेच्या आधीच कागदावर 'विरुद्ध : एक' लिहून ठेवायचे.

आता माझी एक युक्ती सांगतो. दुकानात गिऱ्हाइकाने भाव फार पाडून मागितला, की मी म्हणतो, "मालकांना विचारून येतो." आत जातो, पाणी पितो, बाहेर येऊन तोंड पाडून सांगतो, "मालक नाही म्हणतात." मालक मीच. आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती पाडून टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा बिल्डरशी बोलणी करायला सगळ्यांनी मला पुढे केलं, आणि या व्यवहारात माझ्याकडे पहिल्यांदाच खराखुरा मालक होता. बिल्डर काही बोलला की मी म्हणायचो, "माझं काय हो, मी आत्ता सही करतो. पण माझ्या समोर एक वेडा राहतो. तो कोर्टात जाईल." एवढ्यावर स्वयंपाकघरं मोठी झाली, बाल्कन्या आल्या. एकच गोष्ट अडली होती, मैदान. इमारतींच्या मधलं आमचं मैदान बिल्डरला हवं होतं. तिथे पार्किंगचे मजले चढवायचे आणि त्यांच्या छतावर हिरवं कापड अंथरून त्याला मैदान म्हणायचं, असा त्याचा बेत.

मैदानासाठी पोरं उठली. याला काय, पुन्हा विशी लागल्यासारखं झालं. संध्याकाळी पोरांना गोळा करून घोषणा शिकवायचा. "घशातून नाही रे, पोटातून. घसा तासाभरात बसतो." पोरांनी त्याचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला. तळमजल्यावरची एक कॉलेजातली मुलगी धावत आली, "काका, तुम्ही व्हायरल झालात."

"म्हणजे काय झालो?"

"खूप लोकांनी बघितलं ना."

"बघितलं ते ठीक. आले किती?"

ती पोरगीही आमच्याच आवारात वाढलेली, ऐकून घेते थोडीच. म्हणाली, "तुमच्या वेळी सगळे आले होते ना काका? मग फी कमी झाली का?"

मला वाटलं, आता हा तासभर भाषण देणार. पण तो हसला, टकलावरून हात फिरवला आणि म्हणाला, "नाही झाली." एवढंच. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. माणसाने पहिल्यांदाच पडता भाव सांगितला आणि मी, बाजारात आयुष्य काढलेला माणूस, तो ऐकून सोडून दिला.

मग शेवटची सभा, बिल्डरचा प्रस्ताव मैदानासकट मंजूर करायचा ठराव. बिल्डर मैदानावर नरमत आला होता, माझ्या अंदाजाने आणखी एखाद-दोन महिने ताणलं असतं तर सोडलंच असतं. मला ठराव पाडून हवा होता, पण मी स्वतः गप्प बसून होतो, कारण नाही म्हणायला माझा माणूस पहिल्या रांगेत होता. सेक्रेटरींनी विचारलं, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा." याने हात वर केला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, विरोधाचं अजून विचारलं नाही." हा म्हणाला, "मला ऐकू येतं." आणि हात वरच. हाच हो म्हणतोय म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतात, एकेक करत सगळे हात वर गेले. मागच्या बाजूला पोरं उभी होती. त्यांच्यातली ती कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही?"

"हो, मी," तो म्हणाला. "आयुष्यभर नाही म्हणून बघितलं. एकदा हो म्हणून बघतो."

जिन्यात मी त्याला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हिला तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून दोन वर्षं झाली, शेठ. गुडघे. परवा मी घोषणा शिकवून वर आलो तर खिडकीत बसली होती. म्हणाली, जगासाठी बोंबललात, माझ्यासाठी एक लिफ्ट मागा. पेन्शनीत दुसरीकडे भाड्याने जाता येत नाही. टॉवर होईपर्यंत बिल्डर भाडं देतोय, तर उद्या जाता येईल."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू तिच्या गुडघ्यांवर पण घासाघीस केली असतीस."

आता तो भांडुपला राहतो, लिफ्टच्या इमारतीत. मी रविवारी जातो. वहिनी स्वतः खाली उतरून भाजी आणतात, भाजीवाल्याशी भांडतात, आणि मला बजावतात, "भावजी, जेवल्याशिवाय जायचं नाही." त्यांचा चेहरा बघितला की त्याला जाब विचारायचा राहून जातो. तो मात्र खुर्चीत बसून बातम्या बघतो, समोर कुणी काहीही बोललं तरी उलटून बोलत नाही. त्या सोसायटीच्या सभेची नोटीस खाली लागते, पण भाडेकरूला तिथे हात वर करायची सोय नाही. मी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलून बघतो. तो म्हणतो, "असेल." हा शब्द ऐकायला मी दर रविवारी जात नाही.

आमचं मैदान आता पत्र्याच्या आड आहे आणि आत खड्डा आहे. पोरं भेटली की माझ्याकडेच बघतात, जणू पहिला हात मी वर केला. आणि गुडघ्यांवर घासाघीस, हो, केली असती. त्या बिल्डरसमोर वहिनींचे गुडघे मांडले असते, वर्षांचा हिशेब मांडला असता, आवाज चढवला असता, उठून गेलो असतो, पुन्हा येऊन बसलो असतो. त्यांना आठवड्याभरात लिफ्टच्या घरात नेऊन ठेवलं असतं आणि मग मैदानासाठी सावकाश भांडलो असतो. इतकी वर्षं दार उघडलं की समोर मीच होतो. मग मला का विचारलं नाही? याचं उत्तर त्याने मला द्यायलाच हवं, आणि वहिनी भाजी घेऊन वर यायच्या आत द्यायला हवं.