हॉलंडातला एक प्रेक्षक

शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात चहाचे कप रोज विसळले जातात, पण किस्से कोण विसळणार? ते साचतच राहतात. पाहुणा आला की मी एक सांगायला घेतो, कॅमेरावाला सलीम मधेच दुसरा काढतो, आणि पाहुण्याचा चहा गार होतो. आज सलीम बाहेर गेलाय, तेव्हा सलग ऐका.

काम आमचं सरळ आहे. लग्न असो, सभा असो, आम्ही लाइव्ह दाखवतो आणि माणूस मराठीत बोलत असतानाच खाली इंग्रजी, जर्मन वगैरे कॅप्शन उमटत जातं. भाषांतर सॉफ्टवेअर करतं. अडचण एकच, त्याला पुस्तकातली मराठी कळते, आमची नाही. पहिल्याच लग्नात नवरीचे मामा दहा मिनिटं माइकवर दणकून बोलले आणि खाली अक्षर उमटलं नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पावणं, सगळ्यांचं छापलंसा, माझंच तेवढं का गाळलं?"

मग मी सरनोबतबाईंकडे गेलो. शाळेत आम्हाला मराठी त्यांनीच शिकवलं. आता निवृत्त, कसबा बावड्यात एकट्या राहतात. म्हटलं, बाई, कार्यक्रमातलं बोलणं हेडफोनवर ऐकायचं आणि लगेच स्वच्छ मराठीत आपल्या माइकमध्ये बोलायचं. सॉफ्टवेअर तुमचं ऐकेल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या यंत्राला डच येतं का रे?"

येत होतं. बाईंचा मुलगा हॉलंडात, सून तिकडची, आणि आठ वर्षांची नात मीरा. तिला डचशिवाय काही येत नाही. व्हिडिओ कॉलवर नात बाहुली दाखवायची, आजी कुंडीतला मोगरा दाखवायची, दोघी हसायच्या की संपलं. मी त्यांच्या कॉलला कॅप्शन लावून दिलं, तर समोर आजीचे शब्द बघून मीरा लाजून पळाली ती परत आलीच नाही. तेव्हा बाईंची अट एवढीच होती, कार्यक्रम कोणाचाही असो, डच चालू ठेवायचं. समोर बसायचं नसेल तर लांबून वाचू दे, म्हणाल्या.

*

कामाला लागून महिनाही झाला नव्हता. एका दूध संस्थेची वार्षिक सभा होती. चेअरमन म्हणाले, पुढच्या वर्षी नवा हॉल बांधणार. बाईंनी ते नीट सांगितलं आणि माइक चालू आहे हे विसरून पुटपुटल्या, "गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते."

पाच भाषांत गेलं ते. सभेतल्या मोठ्या पडद्यावर इंग्रजी होतं, ते वाचून पोरं हसायला लागली. चेअरमननी त्यातल्या एका पोराकडून अर्थ विचारून घेतला. मला वाटलं, आता काम गेलं. पण माणूस दिलदार. पुढचं वाक्य बोलण्याआधी त्यांनी आमच्या टेबलाकडे बघून विचारलं, "बाई, बोलू का?"

हॉल बांधला मात्र त्याच वर्षी. आणि बाईंनी त्या दिवशी शपथ घेतली, माइकमध्ये स्वतःचा एक शब्द म्हणून बोलायचा नाही.

*

कुस्तीच्या मैदानात वस्ताद कडेला उभे राहून पठ्ठ्याला जे काय बोलत होते ते इथं सांगता येणार नाही. बाई डोळे मिटून सांगत होत्या, "बाळा, असं करू नये. बाळा, पाय नीट रोव."

चॅटमध्ये लोक लिहितात ते आम्हाला मराठी होऊन दिसतं. एका जर्मन गृहस्थानं लिहिलं, इतके प्रेमळ गुरू मी आयुष्यात पाहिले नाहीत. मी ते वस्तादांना वाचून दाखवलं. "कोण, मी?" म्हणाले आणि पुढचा तासभर तोंडातून शब्द काढला नाही. पठ्ठ्या दोन्ही कुस्त्या हरला.

*

मलकापूरच्या लग्नात नवरा जर्मन होता. त्याच्या आईचा गुडघा दुखावलेला, येता आलं नाही, म्हणून पहिल्या रांगेत खुर्चीवर लॅपटॉप ठेवून त्यात विहीणबाई बसवल्या. कॅप्शन पाच सेकंद उशिरा पोचतं. इथं 'सावधान' झालं, सगळ्यांच्या अक्षता पडल्या, आणि मग लॅपटॉपमध्ये एकट्या विहीणबाईंनी तांदूळ उडवले. नवरीच्या बापानं ते बघितलं. दुसऱ्या मंगलाष्टकाला त्यांनी हात वर करून भटजींना थांबवलं आणि म्हणाले, "दम काढा, विहीणबाईंच्या पडायच्या हायत अजून."

दोनशे माणसं मुठी धरून थांबली. कोणी कुरकुर केली नाही. असल्या माणसांच्या जिवावर आमचा धंदा चाललाय, आणि बाईंच्या. दोघांचेही उपकार मी फेडू शकणार नाही.

*

दूध संस्था असो, कुस्ती असो, डच कॅप्शन वाचणाऱ्यांचा आकडा कायम एक असायचा. सलीम म्हणायचा, "दादा, हॉलंडात आपलं एक गिऱ्हाईक पक्कं हाय." आम्हाला ठाऊक होतं कोण ते. पण दोन वर्षांत त्या गिऱ्हाइकानं चॅटमध्ये एक अक्षर लिहिलं नव्हतं. कार्यक्रम संपला की बाई हेडफोन काढत विचारायच्या, "काही आलं का रे?" मी नाही म्हणायचो. त्या डबा पिशवीत भरायच्या आणि बसला जायच्या.

मग परवाच्या रविवारी बावड्यात हुमणीवर व्याख्यान होतं. हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी. बाईंचा घसा पार बसलेला, डॉक्टरांनी आठवडाभर बोलायचं नाही म्हणून बजावलेलं. त्यांच्या जागी सलीम बसला. तोही बाईंचाच विद्यार्थी, बोलत होता झकास, एक चूक नाही, फक्त बाईंच्या तोंडी सारखं येणारं 'बाळा' तेवढं त्यात नव्हतं. बाई शेजारी मफलर गुंडाळून बसल्या होत्या आणि मान डोलावत होत्या.

दहा मिनिटांनी चॅटमध्ये ओळ आली. हॉलंडातून.

"ही माझी आजी नाही. माझी आजी कुठे आहे?"

सलीम बोलायचा थांबला. त्यानं माइक बाईंपुढं सरकवला. बाईंनी मफलर खाली ओढला. डॉक्टरही विसरल्या आणि शपथही.

"इथंच आहे गं, बाळा. घसा बसलाय माझा."

हुमणीच्या व्याख्यानाखाली पाच भाषांत तेच उमटलं. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो. मग दुसरी ओळ आली.

"बरं. मग ती अळी मेली का?"