अकरावं बोट

बालवर्ग सांभाळणाऱ्या बाईंनी पुठ्ठ्यावर पन्नास घरं आखली होती. दोन फासे टाकायचे, ठिपक्यांची बेरीज करायची आणि तितकी घरं सोंगटी पुढे न्यायची. मुख्याध्यापिकांनी मात्र बजावलं होतं, "वर्गात पुन्हा फासे दिसले, तर तुमची खैर नाही."

तरीही बाईंनी पट मांडला. पाटीवर बेरीज दिसली की वर्गातल्या चिमणीला रडू फुटायचं, फासे हातात आले की ती खुलायची.

चिमणीला सहा आणि पाच पडले. तेवढ्यात मुख्याध्यापिका आत आल्या आणि थेट पटापाशी येऊन उभ्या राहिल्या.

चिमणी बोटं मोजण्यात गुंग होती. दहाही बोटं संपली, तरी एक ठिपका उरलाच. तिने शेजारी दिसलेला हात ओढला.

"मोठ्या बाई, एक बोट द्या ना!"

मुख्याध्यापिकांच्या कपाळावरची आठी मोडली नाही. पण त्यांनी बोट पुढे केलं.

"अकरा!" चिमणी ओरडली.

मुख्याध्यापिका वळल्या. दारातून म्हणाल्या, "फाशांचा आवाज फार होतो. खाली सतरंजी घाला."

बाईंनी कोपऱ्यातली सतरंजी आणून पटाखाली अंथरली.