चेंडूकडे बघायचं कोणी

साडूचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर व्हायच्या आधीच त्याचे डोळे उघडायचे आणि पहिली नजर जायची छताकडे. छत जागेवर आहे, एवढी खात्री झाली की मग पाय जमिनीवर. माझी मेव्हणी म्हणायची, "लग्न झालं तेव्हा मला वाटलं, फार भाविक माणूस मिळाला. उठल्या उठल्या वर बघतो."

भाविक तो मुळीच नव्हता. तो बंदरात क्रेनखाली काम करायचा. हुकाला माल बांधायचा, साखळी ओढून बघायची, मागे सरायचं, वर बसलेल्या ड्रायव्हरला हाताने खूण करायची आणि माल उचलला गेला की वर बघत राहायचं. तो पलीकडे टेकेपर्यंत नजर काढायची नाही. मी त्याच बंदरात वेल्डर होतो. वर न बघणाऱ्यांचं काय होतं ते आम्ही दोघांनीही पाहिलेलं होतं. घरी त्याबद्दल बोलत नसू.

ही सवय त्याच्या हाडात मुरली होती. दुकानात शिरला की आधी पंखा बघणार, मग दुकानदार. त्याच्या लग्नाच्या फोटोत सगळे समोर बघताहेत आणि नवरामुलगा झुंबराकडे. त्याचं म्हणणं, ते झुंबर एकाच खिळ्यावर टांगलेलं होतं.

आणि या माणसाला गोल्फचा नाद.

गोल्फ म्हटलं की साहेबलोक डोळ्यांपुढे येतात. आमचं मैदान तसं नव्हतं. नगरपालिकेचं होतं. एका बाजूला पाण्याच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला बंदराचं कुंपण, मध्ये गवत आणि गवतावर समुद्रपक्षी. रविवारी सकाळी आम्ही चौघं खेळायचो. साडू, मी, एक पोस्टमन आणि एक शिंपी. अठरा भोकं, प्रत्येकात चेंडू काठीने मारत मारत घालायचा, आणि ज्याचे फटके कमी तो पुढे. साडूचा खेळ मध्यम. अगदीच वाईट असता तर त्याने नाद सोडला असता. चांगला असता तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. शंभराच्या पुढे चार-पाच फटके, दरवेळी तेवढेच, जणू ठरवून दिलेले.

मग नगरपालिकेने पाटी लावली. रविवारची सकाळची वेळ फक्त शंभराच्या आत खेळणाऱ्यांना. हंगाम संपायच्या आत तसं एक कार्ड ऑफिसात द्यायचं, नाहीतर दुपारी यायचं. मंद खेळणाऱ्यांमुळे मागच्यांचा खोळंबा होतो, असं कारण होतं, आणि ते खरं होतं. आम्हा तिघांची कार्डं होती. साडूचं नव्हतं. मी त्याला पाटी वाचून दाखवत होतो तेव्हा ती कशाला टांगलीय, ते तो बघत होता.

"ऐकलंस का रे?" पोस्टमन म्हणाला. "माझा जावई तुझ्या जागेची वाट बघतोय. ब्याण्णवात खेळतो."

"बोलतो पण फार," शिंपी म्हणाला.

"सासऱ्याशी बोलतो. तुझ्याशी कशाला बोलेल?"

 घरी जाताना साडू मला म्हणाला, "साडूभाऊ, माझी जागा गेली तर मी रविवारी करू काय?" प्रश्न खराच होता. क्रेनच्या गोंगाटात तोंडाचा उपयोग नसतो. सहा दिवस तो हातांनी बोलायचा. सहा दिवसांचं तुंबलेलं सगळं बोलणं तो रविवारी सकाळी मोकळं करायचा. आम्ही ऐकायचो असं नाही, पण सवय झाली होती.

म्हणून त्याने शिकवणी लावली.

मैदानाच्या शेडमागे एक मास्तरीण शिकवायची. आमच्या मुलींच्या वयाची. कमी बोलायची, हे मला आवडलं. तिने साडूला बादलीभर चेंडू मारायला लावले आणि नुसती बघत राहिली. बादली संपल्यावर म्हणाली, "काका, तुम्ही चेंडू मारायच्या आधीच तो कुठे जातो ते बघायला निघता."

होतं तसंच. काठी चेंडूपर्यंत पोचायच्या आत याची मान वर. मानेमागे खांदे, खांद्यांमागे काठी. काठी चेंडूच्या टाळक्यावर टपली मारायची आणि चेंडू गवतातून उंदरासारखा पळायचा.

"मारून झालं तरी जिथे चेंडू होता तिथेच बघायचं," मास्तरीण म्हणाली.

"आणि तो गेला कुठे, ते?"

"ते बघायचं काम तुमचं नाही."

"मग कोणाचं?"

यावर तिने दुसरी बादली पुढे सरकवली.

साडूने मेहनत घेतली, हे मला सांगितलंच पाहिजे. बादलीभर चेंडू बदडून घाम गाळणं म्हणजे सराव नव्हे. मी खूप माणसं पाहिली, चुकीची गोष्ट जोर लावून करत राहतात आणि त्याला कष्ट म्हणतात. साडू तसा नव्हता. कामावरून आला की हात धुवायचा आणि घराच्या बोळकंडीत उभा राहायचा. मोजे गुंडाळून केलेला चेंडू, बूट ठेवायच्या फळीच्या दिशेने हळू फटका, मान खाली. मान राहीना म्हणून मेव्हणी समोर उभी राहून त्याच्या कपाळावर तळहात दाबून धरायची. एकदा शेजारीण साखर मागायला आली, ते दृश्य बघून साखर न घेताच गेली.

"ताप आलाय त्यांना," मेव्हणी मागून म्हणाली.

"काठी घेऊन?" शेजारीण जिन्यातून म्हणाली.

मोज्यांचा चेंडू फळीवर आपटून आपटून एक बूट खुर्चीखाली गेला, तो कोणाला सापडेना आणि मेव्हणीच्या हाताला मुंग्या यायला लागल्या, पण मान बसायला लागली. चेंडू हवेत जायला लागला. एका रविवारी एकशे एक. पोस्टमनने जावयाला फोन करून सांगितलं, घाई करू नकोस.

मग कामावर घोटाळा झाला. साडूने एक पेटी बांधली, साखळी ओढून पाहिली, खूण केली, आणि पेटी जिथे होती त्या जागेकडे बघत उभा राहिला. मान खाली, अगदी मास्तरणीने शिकवली तशी. पेटी त्याच्या डोक्यावर झुलत होती. ड्रायव्हरने भोंगा दाबून धरला तेव्हा याने बाजूला उडी मारली. झालं काहीच नाही. मुकादम त्याला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता.

संध्याकाळी साडूने काठ्या कपाटामागे लावल्या. "मी वर बघणार," तो म्हणाला. "जावयाला जागा देऊन टाका."

मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा काहीतरी."

 तो बरोबर होता. मी एवढंच केलं, त्याला मास्तरणीकडे घेऊन गेलो. जाऊन निदान सांगून तर ये, म्हटलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. हसली नाही. मग तिने विचारलं, "काका, माल जहाजाच्या पलीकडे गेला, तुम्हाला दिसेनासा झाला, की काय करता?"

"तिकडे आपला माणूस असतो. तो बघतो आणि मला हात करतो."

"तुम्ही त्याच्याकडे बघता की मालाकडे?"

"त्याच्याकडे. माल दिसतच नाही तर."

"मग तसा माणूस आणा इथे."

 घरी आल्यावर जिन्यात साडू म्हणाला, "बाई कामाची आहे." कामावर वर बघायचं, मैदानावर आपल्या माणसाकडे बघायचं. दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या रीती. हे त्याला पटलं, कारण ते त्याच्या कामातलंच होतं.

पण माणूस कोण? पहिल्या रविवारी पोस्टमन उभा राहिला. चेंडू कुठेही गेला तरी तो डोकं धरायचा, त्यामुळे साडूची मान पहिल्या भोकालाच वर. मग शिंपी. तो मऊ स्वभावाचा, चेंडू मैदानातल्या तळ्यात गेला तरी "छान, छान" म्हणायचा. गिऱ्हाइकाला कोट घट्ट झाला तरी तो असंच म्हणतो, हे साडूला माहीत होतं. मग मी. मी चेंडू नीट बघून खूण केली, पण साडूने तरीही वर पाहिलं.

"माझ्यावरही भरवसा नाही?"

"तुम्ही बत्तीस वर्षं काळी काच लावून काम केलंत," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांचं काय सांगावं?"

शेवटी मेव्हणी आली. तिच्यावर त्याचा विश्वास होता आणि त्याला कारण होतं. इतक्या वर्षांत तिने त्याच्या एकाही वाईट गोष्टीला चांगलं म्हटलेलं नव्हतं. त्याचा निळा सदरा, त्याचं गाणं, त्याचा थोरला भाऊ, सगळ्यांवर तिने तोंडावर मत दिलेलं होतं. साडूने तिला खुणा शिकवल्या. हात डावीकडे, उजवीकडे, आणि समोर सरळ म्हणजे सरळ. ती छत्री घेऊन त्याच्या बाजूला, काठी लागणार नाही इतक्या अंतरावर उभी राहायची. तो मारायचा, मान खाली ठेवायचा, आणि मग चेंडूकडे नव्हे, तिच्याकडे बघायचा. ती हात करायची.

बहुतेक वेळा सरळ.

चेंडू दरवेळी सरळ गेलेला असायचा असं नाही. थोडा इकडे, थोडा तिकडे सापडायचा. "वाऱ्याने नेला," मेव्हणी म्हणायची. आमची समजूत, नवऱ्याला धीर देतेय. नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडणार? शिवाय तो खरोखर चांगला खेळायला लागला होता. आपला फटका सरळ गेला असं वाटलं की माणूस पुढच्या फटक्यात नवं काही घुसडत नाही. तेवढंच त्याला लागत होतं.

हंगामाचा शेवटचा रविवार आला. पोस्टमनचा जावई कुंपणाशी येऊन उभा. सोळा भोकं झाल्यावर पोस्टमनने कार्ड पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "दोन भोकं, बारा फटके. तेवढ्यात कर, मी जावयाला घरी पाठवतो."

सतराव्याला साडूने मारलं. आम्ही तिघांनी पाहिलं, चेंडू उजवीकडे वळत वळत झाडांच्या कडेला गेला. मेव्हणीने हात केला, सरळ. साडू ऐटीत मधून चालायला लागला. बरंच चालल्यावर थांबला.

"कुठाय?"

"तो काय समोर," मेव्हणी म्हणाली. "पांढरा दिसतोय की."

साडू त्या पांढऱ्याजवळ गेला, काठी काढली. पांढऱ्याने मान वळवली, साडूकडे पाहिलं आणि दोन पायांवर चालत निघून गेलं. समुद्रपक्षी होता.

शिंपी म्हणाला, "छान."

कोणी हसलं नाही. साडू बायकोकडे बघत होता.

"तुला दिसत नाही?"

"दिसतं. लांबचं नाही दिसत."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. सगळं दुधाळ दिसतं."

"मग मला हात कशाचा करत होतीस?"

"तुमच्या तोंडाचा," ती म्हणाली. "मारून झाल्यावर तुमचं तोंड मला जवळून दिसतं ना. दात आवळलेले असले की डावी-उजवीकडे काहीतरी करायचे. तोंड निवांत असलं की सरळ."

म्हणजे तो तिच्या हाताकडे बघत होता, ती त्याच्या तोंडाकडे, आणि चेंडूकडे कोणीच बघत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर रविवारी मला घरी बसवलं असतंत. इथे मला बरं वाटतं."

झाडांच्या कडेचा चेंडू मी दाखवला. तिथून बाहेर काढण्यात त्याचा एक फटका जास्त गेला आणि सतरावं भोक सात फटक्यांत संपलं. उरले पाच. अठरावं भोक आम्हा सगळ्यांना पाचात जमतं, असं नाही. साडू काठी घेऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा वर बघणार. भरवसाच गेला तर मान खाली कशाला राहील?

तो म्हणाला, "अगं, उभी राहा तुझ्या जागेवर. हात कर."

"मला दिसणार नाही, म्हटलं ना."

"मला तरी कुठे बघायचंय?"

त्याने मारलं. मान खाली राहिली, नंतर तिच्याकडे वळली. तिने त्याचं तोंड नीट न्याहाळलं आणि हात केला, सरळ. या वेळी चेंडूही सरळ होता. दुसरा फटका जरा आखूड. तिसऱ्याला चेंडू भोकाभोवतीच्या हिरवळीवर. चौथ्याला भोकाच्या काठाशी येऊन थांबला, आणि शिंप्याने जावयाकडे पाहिलं. पाचव्याला आत पडला. तो आवाज मेव्हणीलाही ऐकू आला. पोस्टमनने नव्व्याण्णव लिहिलं, सही केली आणि कुंपणाकडे जाऊन जावयाला म्हणाला, "जा बाबा. दुपारची वेळ मोकळी आहे."

साडू त्या दिवशी घरी जाताना बोलला नाही. रविवार असून बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली आणि मेव्हणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दवाखान्यात शिरताना साडूने छत पाहिलं, ते ठीक वाटलं, मग आत गेला.

नव्या हंगामात मेव्हणी काळा चष्मा लावून छत्रीखाली उभी राहिली. साडूचा पहिला चेंडू तिने हातात घेऊन पाहिला. "हा एवढासा असतो?" म्हणाली. मग साडूने मारलं आणि तिच्याकडे वळला. हात डावीकडे. दुसऱ्याला पुन्हा डावीकडे. तिसऱ्याला तिने हात केलाच नाही, तळ्याकडे बोट दाखवलं.

"पूर्वी बरी होतीस," साडू म्हणाला.

"पूर्वी तुम्हीही बरे दिसत होतात. मान खाली."

त्याने मान खाली घातली.

तो अजून त्याच जुन्या काठ्यांनी खेळतो. एकीची मूठ उसवली आहे, तिला चिकटपट्टी गुंडाळली आहे. पाटी लागली त्या हंगामात त्याने नवा संच घ्यायचा म्हणून रात्रीच्या जादा पाळ्या केल्या होत्या, मुकादम नको म्हणेपर्यंत. त्या पैशांतून आधी मेव्हणीचा उजवा डोळा झाला, आणि महिन्याभराने डावा.