जुन्या मारुतीची जागा

"गाव हाय तितंच हाय. पाणी नवं हाय."

मास्तर हे वाक्य इतक्यांदा म्हणायचे की आमच्या गल्लीत त्यांची नक्कल करणारे दोघे-तिघे तयार झाले होते. त्यात मीही होतो. एसटीत कंडक्टर होते, म्हणून मास्तर. सोलापुरात विजापूर रोडला ते माझे शेजारी. त्यांचं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ते ऐन पंचविशीत होते, आणि पुढे कुठल्याही जागेला 'आमचं' म्हणायला त्यांची जीभ कधी वळली नाही.

अशी माणसं तुम्हालाही भेटली असतील. गाव कुठलं असं सहज विचारावं आणि आपला अर्धा तास जावा. मास्तर तर गाव मांडूनच दाखवायचे. कट्ट्यावर ठेवलेला चहाचा कप म्हणजे वेस, बशी म्हणजे चावडी, आणि माझ्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचे, ती बारव. "हितनं खाली उतरलं की कुंभारआळी. जपून हं, हितली पायरी तुटल्याली हाय." त्या पायरीवर आता मासे पडत असतील, असं मी म्हटलं की घटकाभर रुसायचे.

आता मास्तर नाहीत. चष्मा दिवसभर माझ्याच नाकावर असतो, आणि खरं सांगतो, मला ते आवडत नाही.

धरण झालं तेव्हा गाव उचलून टेंभुर्णीच्या पुढे माळावर नेऊन बसवलं. मारुतीची मूर्तीही नेली, नवं देऊळ बांधलं. पण जुन्या लोकांचं म्हणणं, मूर्ती आणता येते, जागा कशी आणणार? म्हणून तिथे एक रीत पडली. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाला धरणाच्या काठावर न्यायचं, जुन्या देवळाच्या जागेकडे तोंड करून नारळ फोडायचा आणि नमस्कार करायचा. पाण्यात ती जागा कुठे, हे दाखवायचं काम मास्तरांचं. त्यासाठी नव्या गावाहून त्यांना सोलापुरात मानानं बोलावणं यायचं. ते इस्त्रीचा सदरा घालून निघायचे. काठावरच्या लिंबाच्या झाडाला पाठ लावायची, पलीकडच्या डोंगराच्या खिंडीवर नजर धरायची आणि हात लांब करायचा. "ह्या बोटाच्या रेषेत. मारुती हाय तितंच हाय."

मग कुणीतरी ते झाड तोडलं. मास्तर अंदाजानं उभे राहायला लागले. धरणाचा काठ म्हणजे काही नदीचा घाट नव्हे, आज इथे तर चार महिन्यांनी फर्लांगभर मागे. पण मास्तरांच्या बोटाबद्दल शंका कोण घेणार? बोलावणी येत राहिली, नारळ फुटत राहिले.

एका उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की गावच वर आलं. मला गाडी काढायला लावून मास्तर पहाटेच निघाले. भेगाळलेल्या गाळातून ते असे चालत होते जणू बाजार करून घरी निघालेत. ही बारव, ही चावडी, इथे आमचा उंबरा. मी पहिल्यांदाच त्यांना इतकं आनंदात पाहिलं. देवळाचं दगडी जोतं सापडलं तेव्हा त्यांनी त्यावर डोकं टेकलं. मग उठून काठाकडे वळले, आणि तसेच उभे राहिले.

झाड गेल्यापासून नवरदेवांना घेऊन ते जिथे उभे राहत, ती जागा समोर दिसत होती. तिथून खिंडीकडे जाणारी रेषा त्यांनी नजरेनं धरली. ती जोत्यावरून जात नव्हती. डावीकडून, बरीच डावीकडून जात होती, आणि तिच्यावर एक मोठी शिळा होती. मसणवट्यातली. तिच्यावर तिरडी टेकवायचे.

"कुणाला कळणार नाही, मास्तर," मी हळूच म्हटलं.

"मला कळलं न्हवं का," ते म्हणाले. "म्हंजे झालंच की."

संध्याकाळी नव्या गावात जाऊन त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. काही हसले, काही चिडले. सुलाबाई मात्र गर्दीतून पुढे आल्या. त्यांचा थोरला मुलगा लग्नानंतर वर्षाच्या आत मोटरसायकलवरून पडून गेला होता. त्याचा नारळ मास्तरांनीच फोडवून घेतला होता.

"माझं पोर तुमी मसणवट्याच्या पाया पाडलंत, मास्तर," एवढंच बोलल्या आणि घरात गेल्या.

मी त्यांना सांगणार होतो की असं काही नसतं. पण मास्तर तोवर गाडीत जाऊन बसले होते.

त्यानंतर दर रविवारी आम्ही तिकडे जायला लागलो. मास्तर घरोघर फिरून म्हणायचे, "पाणी यायच्या आत चला. आता खऱ्या जागी डोकं टेका." पुष्कळ जोडपी आली. पोरंबाळं कडेवर घेऊन आली, फोटो काढून गेली. सुलाबाईंच्या दाराशीही ते दर खेपेला जायचे. आतून कडी लागलेली असे. ते ओसरीवर थोडा वेळ बसून उठायचे.

मग इकडे टिपूस नसताना पुण्याकडच्या पावसानं पाणी चढायला लागलं. बारव गेली, चावडी गेली. एका रविवारी आम्ही पोचलो तर जोतंही दिसेना. मास्तर काठावर मटकन बसले.

तेवढ्यात मागून सुलाबाई आल्या. हातात नारळ होता. "धाकल्याचं लगीन ठरलंय," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या. "कुटं हाय जागा?"

मास्तरांनी सवयीनं हात उचलला आणि खाली घेतला. "हातानं न्हाय दावायचो आता," ते म्हणाले. चप्पल काढली आणि कपड्यांसकट पाण्यात शिरले. मी ओरडत होतो, त्यांचं लक्ष नव्हतं. पायांनी चाचपडत बरेच आत गेले. छातीपर्यंत पाणी आलं, मग एकदम ते वर उठले आणि पाणी कमरेला आलं.

"हितं हाय, बाई! माझ्या पायाखाली हाय!"

सुलाबाईंनी दगडावर नारळ फोडला आणि डोळे मिटून हात जोडले. काठावरून पाहिलं तर त्या मास्तरांच्याच पाया पडताहेत असं वाटत होतं. ते मास्तरांच्याही ध्यानात आलं. ते घाईनं जोत्यावरून बाजूला उतरले, गळ्यापर्यंत बुडाले, आणि बाईंचा नमस्कार संपेपर्यंत तोंड पाण्यावर धरून तिथेच उभे राहिले.