मेश्राम काकूंचा ड्रॅगन

मेश्राम काकू टीव्ही लावायच्या आणि लगेच त्याचा आवाज बंद करायच्या. मग दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्यांच्या फ्लॅटवर जमलेल्या मराठी पोरांसाठी हिंदी कार्टूनमधली सगळी पात्रं त्या एकट्याच मराठीत बोलायच्या. ढगांवरच्या राज्याची विसरभोळी राणी, चापलूस पोपट-प्रधान आणि शिंक आली की आगीऐवजी साबणाचे फुगे सोडणारा ड्रॅगन. काकू मूळच्या भंडाऱ्याच्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. प्रधानाचा आवाज त्यांनी आपल्या जुन्या साहेबांवरून उचलला होता.

आमचं घर चळवळीतलं; तिथं खेळण्यांच्या आधी पत्रकं आली. काकूंकडे मी पहिल्यांदा गेले तीही सफाई कामगारांच्या सभेचं पत्रक घेऊन.

"बस गं. राणीचा मुकुट सापडू दे, मग वाचते."

मी भडकले. "काकू, बाहेर माणसं गटारात उतरून मरताहेत आणि तुम्ही मुलांना राजाराणी दाखवताय?"

"इथं राणी चुकली की पोरं तिला तोंडावर हसतात. तुझ्या पत्रकातही सरकार चुकतं, पण हसतं का कुणी? लोक त्यात पकोडे बांधून नेतात. एखादा ड्रॅगन घाल ना, यार!"

वाद घालायला म्हणून मी बसले. ड्रॅगन शिंकला आणि मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

एकदा काकू म्हणाल्या, "ड्रॅगन उंबरठ्यावर शिंकला." त्यांच्या नातीनं, रेवानं विचारलं, "आजी, उंबरठा मतलब?" काकूंनी सगळ्यांना दारापाशी नेलं. खाली नुसती गुळगुळीत फरशी. "बघा, बिल्डरनं दिलाच नाही!" मग त्यांनी चादरीची गुंडाळी करून दारात आडवी टाकली, आणि प्रत्येकानं तिच्यावर उभं राहून शिंकून घेतलं.

थंडीत काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं. महिनाभर बोलायचं नाही, आणि आवाज पूर्वीसारखा परत येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळी पोरं आली. काकूंनी टीव्ही लावला आणि आवाज तसाच राहू दिला. ड्रॅगन हिंदीत शिंकला. कुणीच हसलं नाही. काकू खिडकीबाहेर बघू लागल्या.

रेवानं रिमोट ओढून आवाज बंद केला आणि ती राणी झाली.

"माझा मुकुट... अरे यार... खो गया!"

"हरवला!" दुसरा पोरगा ओरडला.

काकूंनी मांडीवर थाप मारली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी प्रधान झाले. "बंधूंनो आणि भगिनींनो, या राज्यातल्या शोषित जनतेला..." काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आवाज न करता हसल्या आणि दोन बोटांची कात्री करून दाखवली. भाषण कापा!

महिन्यानं आवाज परत आला, पण घोगरा, फाटका. काकूंनी खाकरून बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "राणी आता रेवाची. हा आवाज बिल्कुल ड्रॅगनचा आहे!"

रेवानं धावत जाऊन दारात चादर टाकली.

माझ्या नव्या पत्रकावर प्रधानाच्या तोंडावर शिंकणारा ड्रॅगन आहे. नाक्यावरच्या पकोडेवाल्यानं ते आपल्या गाडीला चिकटवलंय.