दोन सीटांची गाडी आणि होसूरचा रस्ता

रविवार, ९ सप्टेंबर १९६२, सकाळी आठ. रक्कम साडेआठ हजार रुपये. हजर: मी, माझी बायको, माझी थोरली बहीण, जिला घरीदारी सगळे अक्का म्हणतात, मुलीला सांगून आलेला मुलगा आणि त्याचे वडील. मुलगी आतल्या खोलीत होती, पण दार उघडं होतं, म्हणून तिलाही हजर धरतो.

साडेआठ हजार हा हुंडा नव्हे. हुंडा त्यांनी मागितलाच नव्हता, आणि माझा पहिला संशय तिथूनच सुरू झाला. साडेआठ हजार ही त्या मुलाच्या मोटारीची किंमत. कूर्गकडचा एक गोरा मळेवाला देश सोडून जाताना ती विकून गेला होता. लांब नाकाची, दोनच सीटांची, डोक्यावर कापडी छत. पुढे सहा सिलिंडरचं इंजिन, आणि वेगाच्या काट्याखाली ताशी एकशेवीस मैलांपर्यंत आकडे. त्या पैशात जयनगरला घरासाठी साइट आली असती आणि पायाही भरून झाला असता. मुलगा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पगार चांगला, पण साइट सोडून दोन सीटा घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे मला कळत नव्हतं.

शुक्रवारपासून पितृपक्ष लागायचा होता. त्याआधी होय किंवा नाही सांगायचं होतं, नाहीतर बोलणी लांबणार. मुलगी तेवीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. तिनं आपला होकार दिला होता. मला ती एवढंच म्हणाली होती, "अण्णा, तुम्हाला विचारायचं ते सगळं विचारा. पण ‘गाडी विका, मग बघू’ असं सांगू नका. ते लगेच ‘सरी’ म्हणतील, आणि मग तुम्ही त्याचाही संशय घ्याल."

तिचं बरोबर होतं. मुलगा माझ्या प्रत्येक वाक्याला ‘सरी, अण्णा’ म्हणत होता, म्हणजे कन्नडमध्ये ‘बरं, बरोबर’. मी म्हटलं, सोन्यात पैसे घालणं मूर्खपणा आहे. सरी. कॉफी घेऊन झाल्यावर म्हटलं, सोन्यासारखं दुसरं काही नाही. त्यालाही सरी. आमच्या या कन्नड गावात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत मुलीच्या बापापुढे मुलानं मान खाली घालून बसायचं असतं हे मला ठाऊक आहे. मीही तसाच बसलो होतो. पण मी बसलो होतो तेव्हा दारात एकशेवीस मैलांची गाडी उभी नव्हती.

आणखी दोन गोष्टी मी मनात टिपून ठेवल्या. मुलाच्या वडिलांनी कॉफीचा पेला उजव्या हातात घेतला आणि त्याखालची वाटी माझ्या बायकोला खाली ठेवायला सांगितली. डावा हात शालीतून बाहेर आलाच नाही. मला अर्धांगाची शंका आली, आणि ते घराण्यात असतं का हे विचारायचं राहून गेलं. दुसरी गोष्ट गाडीची. ती गडद हिरवी होती, पण पुढच्या डाव्या चाकावरचा पत्रा बाकीच्यापेक्षा नवा दिसत होता.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. शब्द द्यायच्या आधी मुलीच्या बापानं मुलाच्या मामाच्या घरी जेवून यायचं. मामा होसूरला राहत होते. त्याच दिवशी मी बसनं जाणार होतो. मुलगा म्हणाला, मी नेतो. मला हेच हवं होतं.

निघण्याआधी तो गाडीभोवती फिरला. चारही टायरांची हवा मोजली, एकात थोडी भरली, टायरच्या खाचांत बोट घालून पाहिलं, काच आतून बाहेरून पुसली, वायपरची रबरं ओल्या फडक्यानं साफ केली. आकाश स्वच्छ होतं. मी विचारलं, हे रोज करता की आज मी आहे म्हणून? तो म्हणाला, रोज. शेजारचे निवृत्त हेडमास्तर कुंपणापाशी उभे होते. ते म्हणाले, "लोक मुलाचे दात बघतात, तुम्ही चाकं बघताय." मी म्हटलं, दात मुलीनं बघितलेत.

जाताना तो पस्तीसच्या वर गेला नाही. रस्ता कोरडा, सरळ, मोकळा. लॉऱ्या आम्हाला मागे टाकत होत्या. एका लॉरीचा क्लीनर बाहेर झुकून कन्नडमध्ये विचारून गेला, सार, ढकलायला येऊ का? मुलगा हसला. मला हसू आलं नाही. शंभरानं धावणारी गाडी माझ्या शेजारी बसून पस्तीसनं चालवणारा माणूस मी उतरल्यावर किती वेगानं चालवतो, हा माझा प्रश्न होता. चांगल्या वागणुकीला साक्षीदार असला की तिची किंमत निम्मी होते, असं मी कचेरीत तीस वर्षं हिशेब तपासताना पाहिलं होतं.

मामांनी पोटभर जेवू घातलं. माणूस बोलका. कारखाना, पगार, भाचा लहानपणी कसा होता, सगळं सांगितलं. मी मध्येच विचारलं की गाडीचा पुढचा पत्रा कधी बदलला? मामा थांबले आणि मला आणखी भात वाढायला सांगितलं. मी भात नको म्हटलं. ते म्हणाले, स्वल्प घ्या. मी घेतला, पण उत्तर मिळालं नाही हे लक्षात ठेवलं. मुलगा त्या वेळी खाली मान घालून ताक पीत होता.

परतताना, अत्तिबेले मागे पडल्यावर, पाऊस आला. रिमझिम नव्हे, आमच्याकडे सप्टेंबरात दुपारी येतो तसा, एकदम अंगावर. मुलानं आधीच गाडी थांबवून छताची बटणं लावली होती. आता त्यानं दिवे लावले आणि तीसवर आला. मी म्हटलं, आता तर घाई करायला हवी, अंधारून येतंय. तो ‘सरी’ म्हणाला आणि तीसवरच राहिला. हे पहिलं सरी, जे त्यानं पाळलं नाही.

मी प्रश्न विचारत गेलो आणि तो रस्त्यावरची नजर न काढता उत्तरं देत गेला. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं तेल वर येतं, त्याचा साबण होतो, म्हणून सुरुवातीचा पाऊस जोराच्या पावसापेक्षा वाईट. कोरड्यात थांबायला जेवढी जागा लागते त्याच्या दुप्पट धरायची. पुढे बस होती, तिच्यापासून तो एवढा मागे राहिला की मध्ये एक जीप घुसली. त्यानं जीपपासून पुन्हा तेवढंच अंतर घेतलं. मी म्हटलं, असे आपण होसूरला परत पोचू. तो म्हणाला, या गाडीत ताकद जास्त आहे, तीच पावसात नडते. खालच्या गिअरमध्ये पाय जरा जोरात पडला तर मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि शेपूट बाजूला जातं. म्हणून तो वरचा गिअर घेऊन पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवत होता. स्टिअरिंगही झटक्यानं फिरवत नव्हता.

एका मोरीवरून पाणी आडवं वाहत होतं. समोरून आलेल्या बसला त्यानं आधी जाऊ दिलं, मग अगदी हळू पाण्यातून गेला. पलीकडे गेल्यावर चालत्या गाडीतच डाव्या पायानं ब्रेक हलकेच दाबून धरला. मी विचारलं, हे काय? भिजलेले ब्रेक धरत नाहीत, वाळवतोय, म्हणाला. त्याचं सगळं बरोबर वाटत होतं. पण इतकं पाठ असलेला माणूस मला नेहमीच खटकतो.

बोम्मसंद्र्याच्या अलीकडे रस्ता तळ्याच्या बांधावरून डावीकडे वळतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेत. वळणाच्या आधीच त्यानं वेग आणखी कमी केला होता. वळणाच्या मधोमध आलो आणि पुढे, वळण संपतं तिथे, विटांनी भरलेली बैलगाडी रस्त्यात आडवी दिसली. एक बैल खाली बसला होता. माझा उजवा पाय आपोआप फळीवर दाबला गेला. मी ओरडलो, "ब्रेक दाब!"

तो म्हणाला, "नाही."

एवढंच, आवाज न चढवता. त्यानं अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलला, स्टिअरिंग धरून ठेवलं, गाडी वळणातून बाहेर पडून सरळ झाली, आणि मग त्यानं ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. बैलगाडीच्या पुष्कळ अलीकडे आम्ही उभे राहिलो. गाडीवान पाठमोरा होता. त्यानं मागे वळून पाहिलंही नाही.

मला आधी राग आला. भीती नंतर आली. मुलीच्या बापाला, शब्द मिळायच्या आधीच, तोंडावर ‘नाही’. सबंध दिवसात माझ्या शब्दाला सरी सोडून दुसरं काही न म्हटलेल्या माणसानं. मी विचारलं, मी ओरडलो ते ऐकू आलं होतं का?

"आलं, अण्णा. वळणात ब्रेक दाबला असता तर मागची चाकं घसरून पुढे आली असती आणि आपण शेतात गेलो असतो."

"म्हणजे माझं ऐकायचं नाही, हे आधीच ठरलं होतं."

"गाडीत बसल्यावर नाही ऐकणार. खाली उतरल्यावर सगळं ऐकीन."

वायपर चालू होते. बैल उठेना, गाडीवान त्याच्या शेपटीशी खटपट करत होता. मग मुलानंच मला न विचारता सांगितलं. मागच्या वर्षी याच बांधावर, असाच पाऊस, शेजारी वडील होते. समोरून लॉरी आली. वडील ओरडले, ब्रेक. त्यानं वडिलांचं कधी मोडलं नव्हतं, तेव्हाही मोडलं नाही. गाडी गिरकी घेऊन शेतात उतरली. डावा पत्रा गेला आणि वडिलांचा डावा हात मनगटात मोडला. तो नीट बसला नाही.

"हे सकाळी का सांगितलं नाही?"

"वडिलांनी नको म्हटलं होतं. तेव्हा मी गाडीत नव्हतो."

गोष्ट चांगली होती. चांगली गोष्ट तयारही करता येते. शहरात शिरल्यावर तो आमच्या चामराजपेटेच्या रस्त्याला वळू लागला, तेव्हा मी म्हटलं, आधी तुमच्या घरी चला. तिथे पोचल्यावर त्याला गाडीतच बसायला सांगितलं आणि एकटा आत गेलो, बापलेकांना एकमेकांकडे बघता येऊ नये म्हणून.

त्याचे वडील मला पाहून उठले. मी हाताबद्दल विचारलं. त्यांनी शाल बाजूला केली. मनगट वाकडं होतं. कुठे झालं, कसं झालं, समोरून काय आलं, मी एकेक विचारत गेलो आणि त्यांनी तेच सांगितलं जे मुलानं सांगितलं होतं. लॉरी, बांध, पाऊस. फक्त एक गोष्ट त्यांनी जास्त सांगितली. मुलगा आधीच हळू होता. लॉरी आपल्या बाजूनं निघून गेली असती.

"माझ्याच ओरडण्यानं माझा हात मोडला," ते म्हणाले. "हे मुलीच्या घरी कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून त्यालाही गप्प बसवलं. बाहेर गेलो तर लोक म्हणतात, पोरानं वेगानं चालवली. मी ते खोडून काढत नाही. पोरगंही काढत नाही."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की लपवलं ते मला आवडलेलं नाही आणि आवडणारही नाही. ते म्हणाले, बरोबर आहे. मी त्यांच्याकडे पाणी घेतलं आणि निघालो.

घरी सगळ्या वाट पाहत होत्या. बायकोनं विचारलं, कसं झालं? मी सांगितलं की मुलगा मला नाही म्हणाला. तिनं कपाळाला हात लावला. मुलगी दाराशी आली आणि विचारलं, "कशाला नाही म्हणाले?" मी सगळं सांगितलं, बांध, बैलगाडी, मोडलेला हात. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा उजळला नाही की पडला नाही. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे वडिलांचं ऐकून एकदा वडिलांचा हात मोडला, आणि आज तुमचं न ऐकून तुम्ही घरी आलात."

अक्का सुपारी कातरत होती. "तीस वर्षं मी या घरात बघतेय," ती मला म्हणाली, "तू चुकीचं ओरडलास तरी सगळे ब्रेक दाबतात. एक तरी जावई असा येऊ दे."

बायको म्हणाली, अहो, पण गाडीत दोनच सीटा. आपण कुठे बसायचं? अक्का म्हणाली, आपण बसनं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून मुलाच्या कारखान्यात चौकशी केली. कर्ज आहे का, गाडी गहाण आहे का. काही नव्हतं. पैसे वडिलांच्या वाटणीतले आणि त्याच्या बचतीचे होते. मी आणखी एक गोष्ट केली, जी मुलीला आजही आवडत नाही. संध्याकाळी पाऊस पडत असताना, कारखाना सुटायच्या वेळी, मी छत्री घेऊन त्याच्या रस्त्यावरच्या एका कॉफीच्या दुकानात बसलो. हिरवी गाडी एका लॉरीच्या मागे, मध्ये भरपूर जागा सोडून, दिवे लावून गेली. शेजारची सीट रिकामी होती. त्याला मी दिसलो नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन शब्द दिला. लग्न मार्गशीर्षात धरलं. बुधवारी सकाळी कचेरीच्या आधी जवळच्या छत्रात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये गेलो. तिथला मॅनेजर म्हणाला, पैसे ठेवून जा, पावती उद्या नेऊ शकता. मी म्हटलं, बसतो. त्यानं पंचांग चाळलं, कॉफी मागवली, दोनदा आत जाऊन आला. शेवटी पावतीपुस्तक सापडलं. तारीख आणि हॉल दोन्ही लिहून घेतल्यावर मी त्याला आगाऊ एकशे एक रुपये दिले.