दादाच्या आयुष्याचा हिशेब

माझा मोठा भाऊ एक्क्याण्णवाव्या वर्षी जाणार, असं मी त्याला वहीत लिहून दिलं होतं. तो एकोणसाठाव्या वर्षी गेला.

मी अनसिंगच्या शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे आमच्या घरात कुठलाही आकडा दिसला की तो माझ्यापुढे सरकवायची पद्धत आहे. दादा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. तो रिटायर झाला तेव्हा पेन्शनच्या कागदांत एक प्रश्न आला: पेन्शनचा काही भाग विकायचा का? विकला तर एकरकमी पैसा हातात, पण मग पंधरा वर्षं दर महिन्याची पेन्शन कापून येणार. नाही विकला तर दर महिन्याला पूर्ण.

वहिनींचं मत ठरलेलं होतं. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. अकोल्याच्या डॉक्टरनं वाट्या बदलायला सांगितल्या होत्या आणि ग्रॅच्युइटी घराच्या स्लॅबमध्ये गेली होती. पेन्शन विकली की गुडघे येणार, इतका सरळ मामला. दादाही तयार होता. त्यानं सही करायला पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात मी पोचलो.

(मला स्वतःला पेन्शन नाही. जुनी योजना बंद झाल्यावर मी नोकरीला लागलो. त्यामुळे दुसऱ्याच्या पेन्शनवर बोलायला मी अगदी मोकळा होतो.)

मी म्हणालो, घाई नको, आधी हिशेब मांडू. सगळे आकडे कागदावर छापलेले होते, फक्त एक नव्हता. दादा कधी मरणार? लवकर गेला तर विकण्यात फायदा, कारण रक्कम घरात राहते आणि वहिनींच्या फॅमिली पेन्शनमधून काही कापलं जात नाही. भरपूर जगला तर न विकण्यात फायदा. हे मी दादाला, त्याच्याच चहाचे घोट घेत, नीट समजावून सांगितलं. वहिनी उठून आत गेल्या.

दादा शांतपणे म्हणाला, "बैल असता त दात पाहून सांगतलं असतं. माणसाचं कसं पाह्याचं?"

माणसाचं घराणं पाहायचं, मी म्हणालो. आमचे बाबा एक्क्याण्णव वर्षं जगले. धनजची आत्या नव्वदी ओलांडून अजून स्वतःचा चहा स्वतः करते. पुरावा म्हणून मी तिथल्या तिथे आत्याला व्हिडिओ कॉल लावला. तिला ऐकू कमी येतं. बराच वेळ ओरडून सांगितल्यावर तिला एवढंच कळलं की दादाच्या मरणाचं काहीतरी चाललं आहे, आणि तिनं तिकडे गळा काढला. शेजारच्या बाया जमल्या. आम्ही उलट फोन करत राहिलो, पण आत्याच्या घरचे सगळे फोन आता दुसऱ्या नातेवाइकांना बातमी देण्यात गुंतले होते. दुपारपर्यंत धनजहून दोन गाड्या भरून माणसं आली. दारात त्यांना दादाच उभा दिसला. आपल्या मौतीला आलेल्या माणसांना दादानं स्वतः पिठलं-भाकर वाढली.

जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असा आमच्याकडे समज आहे. गणिताचा शिक्षक असूनही मी तोसुद्धा जमेस धरला आणि वहीत दादाच्या नावापुढे एक्क्याण्णव लिहिलं. दादानं फॉर्मवर 'नाही' लिहिलं.

वहिनी दारात आल्या. "वही तुमची हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "गुडघे माह्ये हायेत."

दर महिन्याला शिल्लक टाकून दोन वर्षांत ऑपरेशन होईल, असं मी त्यांना त्याच वहीत दाखवलं. त्यांनी वहीकडे पाहिलं नाही.

नंतरचं वर्ष वहिनी आधी काठी धरून चालल्या, मग भिंत धरून. रिटायर झाल्यापासून वर्षाच्या आत मेडिकल तपासणीशिवाय पेन्शन विकता येते. दहावा महिना सरल्यावर दादा माझ्याकडे आला.

"राजू, विकून टाकतो आता. तिचं पाह्यवत नाही."

मी म्हणालो, आठ दिवस थांब, पुन्हा एकदा मांडून पाहतो. माझ्याकडे सहामाहीचे पेपर तपासायला पडले होते.

सहाव्या दिवशी शेजारची गाय अडली. दादानं जाऊन वासरू मोकळं केलं, घरी येऊन हातपाय धुतले, खाटेवर बसला आणि वहिनींना पाणी मागितलं. वहिनी भिंत धरत स्वयंपाकघरात गेल्या आणि भिंत धरत परत आल्या. तोवर तो गेला होता.

मी धनजला फोन केला. आत्याच्या मुलानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सर, आता पुन्हा गाडीभाडं परवडत नाही. मी त्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू फुटलं, तेव्हा त्याचा विश्वास बसला.

पुढे मी वहिनींचे कागद घेऊन कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं सहज सांगितलं की अर्ज आदल्या दिवशी जरी आला असता तरी पूर्ण रक्कम बाईंना मिळाली असती. घरी आल्यावर दादाच्या पिशवीत तो अर्ज सापडला. भरलेला, सही केलेला. फक्त तारीख टाकायची राहिली होती. माझे आठ दिवस संपायची तो वाट पाहत होता.

मी वहिनींपुढे बसून सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी ऐकून घेतलं आणि मी जेवलो का, ते विचारलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं. पहिल्या वर्षी एक गुडघा झाला, दुसऱ्या वर्षी दुसरा.

आता दर नोव्हेंबरात वहिनी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातात. स्वतःच्या पायांनी, माझ्यापुढे चार पावलं. यंदा काउंटरवर नवीन पोरगी होती. फॉर्म भरताना तिनं मान वर न करता विचारलं, "मूळ पेन्शनधारक हयात आहेत का?"

वहिनींनी माझ्याकडे बोट केलं.

"हे माह्ये दीर, गणिताचे मास्तर. यायले इचारा. यायच्या हिशेबानं त आजून तीस वर्सं हायेत."

पोरीनं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मागच्या रांगेत माझे दोन माजी विद्यार्थी उभे होते. मी म्हणालो, "नाही. माझं गणित चुकलं."